‘द ऑफिस’चे शेवटचे दोन सीझन : पात्रं का खटकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन ‘द ऑफिस’बद्दल वाचकांचे प्रश्न येतच असतात, पण मॅनेजर मायकल स्कॉट मालिकेतून गेल्यानंतरच्या दोन सीझनवर जेवढे येतात तेवढे आधीच्या सात सीझनवर मिळूनसुद्धा येत नाहीत. अँडी असा का वागला? जिम-पॅमला भांडायला का लावलं? केव्हिन एवढा ढ कधीपासून झाला? तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकाच ठिकाणी ठेवली आहेत. मालिका पूर्ण पाहिली नसेल तर प्रश्न ३ पर्यंत वाचून थांबा, त्यापुढे सगळं फोडलेलं आहे.

१. नेमकं कुठलं ‘ऑफिस’? आणि ‘शेवटचे सीझन’ म्हणजे कुठले?

पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन गावातली कागद विकणारी डंडर मिफ्लिन कंपनी, तिच्या शाखेवर डॉक्युमेंटरी बनवणारं कॅमेरा पथक, ते ‘ऑफिस’. एनबीसीवर २४ मार्च २००५ ते १६ मे २०१३ या काळात त्याचे नऊ सीझन झाले. मूळ ब्रिटिश मालिका रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट यांची, २००१ ची. ती दोन छोट्या सीझनमध्ये आणि २००३ च्या ख्रिसमस विशेष भागांत आटोपली, त्यामुळे ‘नंतरचे सीझन’ हा प्रश्नच तिला कधी पडला नाही. अमेरिकन आवृत्ती ग्रेग डॅनियल्सने उभी केली.

मायकलचं काम करणारा स्टीव्ह कॅरेल सातव्या सीझनच्या शेवटाकडे, २८ एप्रिल २०११ च्या भागात बाहेर पडला. इथे ‘शेवटचे’ म्हणजे त्यानंतरचे आठवा (२०११-१२) आणि नववा (२०१२-१३). २०१९ च्या हिंदी आवृत्तीबद्दल या पानावर काही नाही.

२. मायकल गेला आणि मालिका पडली. एवढं सरळ उत्तर असताना बाकीचा कीस कशाला पाडायचा?

अर्ध उत्तर तेच आहे. मायकल काहीतरी मूर्खपणा करणार, त्याचे चटके बाकीच्यांना बसणार आणि ते कॅमेऱ्याकडे हताशपणे बघणार, यावर बहुतेक भाग चालायचे. ते यंत्रच गेलं.

पण त्याच काळात सेल्समन ड्वाइट आणि हिशेबनीस अँजेला व ऑस्कर आधीपेक्षा जास्त भरीव झाले. मायकल नसणं हेच एकमेव कारण असतं तर सगळेच पडायला हवे होते. मला वाटतं फरक दुसरीकडे आहे. ही मालिका डॉक्युमेंटरीच्या ढंगाची, म्हणजे कॅमेरा हजर असताना माणूस बदलला तर तो बदल आपल्याला पटतो. कॅमेऱ्याच्या मागे, दोन भागांच्या मधल्या फटीत बदलून परत आला तर तो कुणी दुसराच वाटतो. पुढची बरीच उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत. याला न जुमानणारी दोन पात्रं प्रश्न १२ आणि १५ मध्ये भेटतील.

३. लेखक बदलले म्हणून पात्रं बदलली का?

काही प्रमाणात. ग्रेग डॅनियल्स पाचव्या सीझनच्या सुमारास ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’ या दुसऱ्या मालिकेकडे वळला. आठव्या सीझनची सूत्रं पॉल लिबरस्टीनकडे होती. मालिकेत एचआरमधला टोबी झालेला तो हाच! नवव्या सीझनला डॅनियल्स परत आला आणि हा शेवटचा सीझन आहे हे जाहीर करूनच कामाला लागला. त्यामुळे आठवा सीझन जागा भरत बसल्यासारखा वाटतो आणि नववा आवराआवर करत असल्यासारखा.

कलाकारांच्या तारखा हे दुसरं कारण. मिंडी कलिंगची स्वतःची मालिका सुरू झाली म्हणून तिचं पात्र केली कपूर नवव्याच्या पहिल्याच भागात गेलं. अँडीचं काम करणाऱ्या एड हेल्म्सला ‘हँगओव्हर’च्या तिसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण होतं. त्याचे परिणाम प्रश्न ५ मध्ये.

४. अँडीला मॅनेजर का केलं? तो त्या खुर्चीत कधी शोभलाच नाही.

कथेतलं कारण: रॉबर्ट कॅलिफोर्निया हा बाहेरचा माणूस मॅनेजर म्हणून निवडला गेला, थेट फ्लोरिडाला जाऊन कंपनीच्या मालकिणीला पटवून स्वतःच सीईओ झाला आणि जाताना अँडीला खुर्चीत बसवून गेला. कथेबाहेरचं कारण: बाकीच्या कलाकारांत ‘हँगओव्हर’मुळे हेल्म्सचं नाव तेव्हा मोठं झालं होतं.

शोभला नाही असं मी म्हणणार नाही. ‘द इन्सेंटिव्ह’ हा भाग परत पाहा. विक्री दुप्पट वाढवा असं फर्मान वरून येतं. अँडी बक्षिसांची गुणयोजना काढतो आणि भरीत भर म्हणून म्हणतो, पाच हजार गुण झाले तर माझ्या पार्श्वभागावर तुम्ही सांगाल ते गोंदवून घेईन. सगळे मिळून एका दिवसात गुण जमवतात. मग सगळं ऑफिस टॅटूच्या दुकानात. अँडी घाबरलेला, पण शब्द फिरवत नाही. शेवटी त्याच्या ‘नार्ड डॉग’ या टोपणनावावरून एक गोड कुत्र्याचं पिल्लू गोंदलं जातं. लोकांना खूश ठेवण्याची हाव आणि त्यातून चुकून उगवलेला मोठेपणा हे सगळं त्याचं स्वतःचं आहे. मायकलच्या जुन्या ओळी त्याच्या तोंडी घातल्या की मात्र तो उसना वाटतो, आणि आठव्या सीझनमध्ये तसं फार वेळा केलंय.

५. नवव्या सीझनमध्ये अँडी एवढा वाईट का वागतो? लेखकांनी त्याची वाट का लावली?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर.

आधी इतिहास. अँडी तिसऱ्या सीझनमध्ये स्टॅमफर्ड शाखेतून आला. तेव्हा तो चापलूस होता, चिडका होता. जिमने त्याचा फोन छतात लपवला तेव्हा त्याने भिंतीत ठोसा घालून भोक पाडलं आणि राग आवरायच्या शिबिरात त्याची रवानगी झाली. तिथून पुढे चार-पाच सीझन तो हळूहळू मऊ होत गेला. अँजेलाने फसवलं, रिसेप्शनिस्ट एरिनशी जमेना, तरी गाणी गात राहिला. आठव्या सीझनमध्ये एरिनसाठी तो काम सोडून फ्लोरिडाला गाडी हाणतो. परत येतो तर त्याच्या खुर्चीत ‘नेली’ नावाची नवी बाई बसलेली. ‘अँग्री अँडी’ भागात तो पुन्हा भिंतीत ठोसा घालतो आणि नोकरी गमावतो. इथपर्यंत सगळं कॅमेऱ्यासमोर आहे, म्हणूनच तो दुसरा ठोसा दुखतो.

आता नववा. ‘द बोट’ भागात कळतं की वडिलांनी घराण्याचा पैसा उडवला आणि ते घर सोडून गेले. घराची बोट विकायला काढलेली असते. एरिनच त्याला सुचवते की बोट तू स्वतः चालवत ने. तो दारूच्या आहारी गेलेल्या भावाला घेऊन बहामाला निघतो आणि एरिनला धक्क्यावर सोडतो. मग जवळजवळ तीन महिने अँडी नाहीच, हेल्म्स सिनेमाच्या सेटवर होता. ‘कपल्स डिस्काउंट’मध्ये परततो तेव्हा दाढी वाढलेली, बोलण्यात गुर्मी, आणि आपल्याशिवाय शाखा छान चालली याचाच त्याला राग. एरिन त्याच दिवशी त्याला सोडते. पुढे तो सूड म्हणून तिच्या जुन्या मित्राला, गेबला, आणि दरम्यान एरिनचं ज्याच्याशी जमत होतं त्या पीटच्या जुन्या मैत्रिणीला ऑफिसात नोकरी देऊन आणून बसवतो.

बाप पळाला, पैसा गेला, भावाला सांभाळायचंय, अशा माणसाचा तोल जाणं अगदी शक्य आहे. कारण भक्कम होतं. पण बोटीवर कॅमेरा गेला नाही. भावाबरोबरची एक रात्र, एरिनला फोन करावा की नाही अशी एक घालमेल, एवढं जरी दिसलं असतं तरी लोक त्याला माफ करायला तयार होते. आपल्याला दिसला तो फक्त निकाल. त्यात एरिन आणि पीट यांचं जमत जाणं मात्र आपण भाग-भाग पाहत होतो, म्हणजे सहानुभूती कुणाकडे जाणार हे ठरलेलंच होतं. तारखांची अडचण होती हे मान्य, पण ती झाकण्यासाठी पात्राला खलनायक करणं ही लेखकांनी घेतलेली वाट होती. दुसऱ्या वाटा होत्या.

६. मग शेवटच्या भागात अँडीला कॉर्नेलमध्ये नोकरी देऊन सगळं गोड केलं, ते पटतं का?

निम्मं पटतं. गायनस्पर्धेतला त्याचा रडतानाचा व्हिडिओ जगभर हसण्यावारी जातो. नंतर तोच फजितीचा चेहरा घेऊन तो कॉर्नेल या आपल्या जुन्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बोलतो आणि तिथल्या प्रवेश विभागात काम मिळवतो. हे त्याच्या स्वभावाला धरून आहे. आयुष्यभर ‘मी कॉर्नेलचा’ सांगत फिरलेला माणूस शेवटी कॉर्नेलमध्येच रमला. चांगले दिवस चालू असतानाच ते चांगले आहेत हे कळायची सोय हवी होती, अशा अर्थाचं त्याचं वाक्य आज मालिकेतलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाक्य असावं. मात्र एरिनशी केलेल्या वागण्याचा हिशेब कुणी मागत नाही, तो तसाच राहतो.

७. जिम आणि पॅमचं भांडण दाखवायची काय गरज होती? आम्ही ते बघायला बसलो नव्हतो.

समजू शकतो. पण दुसऱ्या सीझनमध्ये ही दोघं एकत्र येण्याची जी ओढ होती ती सहाव्या सीझनच्या लग्नात (२००९) पूर्ण झाली होती. त्यानंतर अडीच-तीन सीझन हे दोघे मुलांचे फोटो दाखवणारं जोडपं झाले होते, आणि तेव्हा ‘ही दोघं कंटाळवाणी झालीत’ असं म्हणणारेही आपणच.

नवव्यात जिम मित्राबरोबर फिलाडेल्फियात खेळाडूंसाठीची कंपनी काढतो, अ‍ॅथलीड. सुरुवातीला पॅमला सांगतच नाही. कॅमेऱ्याला माहीत, आपल्याला माहीत, बायकोला माहीत नाही. एवढी वर्षं कॅमेरा या दोघांचा साथीदार होता, तो इथे पहिल्यांदा अवघडल्यासारखा होतो. मग ‘कस्टमर लॉयल्टी’मध्ये तो फोन. मुलीच्या नाचाच्या कार्यक्रमाचं चित्रण पॅमकडून नीट झालेलं नाही, एवढंच निमित्त. तिकडे जिमचा दिवस वाईट गेलेला, इकडे पॅम दोन मुलं सांभाळून दमलेली. एकही वाक्य ‘संवाद’ वाटत नाही. नोकरीसाठी एकजण दुसऱ्या शहरात राहत असलेल्या कुठल्याही घरातला हा फोन आहे.

आणि मग ‘पेपर एअरप्लेन’चा शेवट. जिम पुन्हा फिलाडेल्फियाला निघालाय, टॅक्सी उभी आहे. त्याची छत्री राहिली म्हणून पॅम धावत येते. तो तिला मिठी मारतो. तिचे हात खालीच. तो सोडत नाही. मध्येच लग्नातली दृश्यं येतात, प्रेम सहनशील असतं हे बायबलमधलं वचन ऐकू येतं आणि मग सावकाश तिचे हात वर येतात. संवाद जवळजवळ नाहीत. दोघांमधला बदल एवढ्या जवळून या मालिकेने आधी कधी दाखवला नव्हता. माझ्या मते नवव्या सीझनमधलं हे सगळ्यात उत्तम काम आहे.

८. चूक कुणाची? जिम स्वार्थी की पॅम त्याला मागे खेचणारी?

यावर दोन तट आहेत आणि समेट होण्याची चिन्हं नाहीत. जिमच्या बाजूचे म्हणतात, आठ वर्षं नावडती नोकरी केली, आता कुठे संधी आली. पॅमच्या बाजूचे म्हणतात, संधी दोघांची होती तर विचारायला काय झालं होतं?

एक धागा दोन्ही तटांच्या हातून सुटतो. पाचव्या सीझनमध्ये जिमने आईवडिलांचं घर पॅमला न विचारता विकत घेतलं होतं आणि आपण सगळे ‘किती गोड’ म्हणालो होतो. म्हणजे न विचारता मोठे निर्णय घ्यायची खोड जुनी, फक्त यावेळी भुर्दंड पडला. शेवटच्या भागात पॅम तेच घर जिमला न सांगता विकायला काढते आणि दोघं ऑस्टिनला जायला मोकळे होतात. फिटंफाट! लेखकांनी हे जाणूनबुजून केलंय असं मला वाटतं. घर विकून देणारी एजंट कॅरल, मायकलची दुसऱ्या-तिसऱ्या सीझनमधली मैत्रीण. इतकं जुनं खातं उघडणारे लेखक ती घरखरेदी विसरले असतील, हे संभवत नाही.

९. ब्रायन हा बूम-माईकवाला मध्येच कुठून उपटला?

प्रश्न ७ मधल्या फोननंतर पॅम रडते आणि कॅमेऱ्यामागे बघत विचारते, ब्रायन, माझं काय चुकतंय? तो चौकटीत येतो, तिला धीर देतो आणि कॅमेरा बंद करायला सांगतो. कल्पना धाडसी होती. नऊ वर्षं चित्रीकरण करणारी माणसंही माणसंच असणार, हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. पुढच्या काही भागांत पॅमवर धावून आलेल्या गोदामातल्या कामगाराला तो माईकच्या दांड्याने अडवतो आणि नोकरी घालवतो.

चिडचिड झाली ती प्रेमत्रिकोणाच्या वासामुळे. खरं तर पॅम त्याच्याकडे त्या अर्थाने कधीच ओढली गेलेली दिसत नाही. लेखकांनी एक पाऊल टाकलं आणि मागे घेतलं. त्यामुळे ब्रायन ना धोका ठरला ना मित्र, मध्येच गायब झाला.

१०. आणि आठव्या सीझनमधली कॅथी? जिमचा तोल गेला होता का?

अजिबात नाही. ‘आफ्टर अवर्स’ भागात ऑफिसातले काही जण कामासाठी फ्लोरिडाला गेलेले असतात. तिथल्या हॉटेलात ही पॅमच्या जागी तात्पुरती आलेली कॅथी जिमच्या खोलीत येऊन बसते, हलत नाही. जिम तिला स्पष्ट शब्दांत थांबवतो, ढेकणांचं निमित्त करून ड्वाइटला बोलावून घेतो. पात्राचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते कथेचं, कारण पुढे या प्रसंगाचा कुठेच उल्लेख नाही.

११. ड्वाइटमध्ये खरंच बदल झाला की तो फक्त मॅनेजर झाला?

बदल झाला, आणि टप्पे मोजता येतात. मॅनेजरपदासाठी जीव टाकणारा ड्वाइट पहिल्या भागापासून आहे. आठव्या सीझनच्या फ्लोरिडा प्रकरणात, म्हणजे मालक कंपनीच्या नव्या दुकानांच्या प्रकल्पात, त्याला उपाध्यक्षपद मिळतं. तो प्रकल्प रद्द होणार आणि त्या जागेवरच्या माणसाचा बळी जाणार, हे जिमला समजतं. ड्वाइट ऐकत नाही, तेव्हा जिम त्याच्याशी अक्षरशः झोंबतो, त्याला बैठकीच्या खोलीत जाऊ देत नाही. ड्वाइटच्या जागी टॉड पॅकर हा दुसरा सेल्समन आत जातो आणि नोकरी गमावतो. पहिल्या सीझनमध्ये जेलीत स्टेपलर घालणारा जिम इथे त्याच ड्वाइटची नोकरी वाचवतो. नात्याचं वळण हे आहे, नवव्यात त्याचं फक्त फळ मिळतं. जिम त्याचा सहायक बनतो, लग्नात पाठीराखा बनतो. शेवटी जिम-पॅम राजीनामा द्यायला येतात तर ड्वाइट मुद्दाम त्यांना काढून टाकतो, भरपाईची रक्कम मिळावी म्हणून. नियमांचा भक्त असलेला ड्वाइट मित्रासाठी नियम वाकवतो, तेही खडूस चेहऱ्याने.

अपवाद ‘द फार्म’. तो भाग ड्वाइटच्या स्वतंत्र मालिकेसाठी बनवला होता. एनबीसीने ती मालिका नाकारली, तरी भाग मार्च २०१३ मध्ये दाखवला. त्यातले भाऊ-बहीण आणि शेत वेगळ्याच मालिकेतून भरकटत आल्यासारखे वाटतात, कारण ते तसेच आहेत.

१२. केव्हिन एवढा ढ कसा झाला? आधी तो फक्त मंद होता.

बरोबर पकडलंत. दुसऱ्या सीझनच्या ‘कसिनो नाइट’मध्ये हाच केव्हिन शांतपणे सांगतो की त्याने लास वेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेत एक प्रकार जिंकलाय. बँडमध्ये ड्रम वाजवतो, बोलतो कमी, टोमणा नेमका मारतो. शेवटाकडे त्याला साधी बेरीज येईना.

इथे प्रश्न २ मधला नियम तोकडा पडतो. केव्हिनचा बदल कॅमेऱ्यासमोरच झाला, पण हशा मिळाला की पुढच्या वेळी थोडा जास्त मूर्ख, असा. याला विकास म्हणत नाहीत, विनोदात पाणी घालणं म्हणतात. ‘वर्क बस’मध्ये लेखकांनी स्वतःच त्याची गंमत केली आहे: साधी गणितं चुकणारा केव्हिन ‘पाय’ या भाजलेल्या गोड पदार्थाचा हिशेब म्हटलं की धडाधड बरोबर उत्तरं देतो. ड्वाइट त्याला शेवटी काढून टाकतो. ‘केलेव्हन’ नावाचा आकडा शोधून हिशेब जुळवणारा हिशेबनीस इतकी वर्षं टिकला कसा, हा प्रश्न मालिकेने कधी विचारला नाही, आपणही विचारू नये.

‘तो मुद्दाम ढ असल्याचं सोंग करत होता आणि पैसे खात होता’ हा तर्क बरेच जण पाठवतात. गमतीदार आहे. मालिकेत आधार नाही.

१३. अँजेला आणि ऑस्करचं काय? दोघांबद्दल कुणी बोलत नाही.

बोलायला हवं, कारण सगळ्यात शिस्तीत लिहिलेलं प्रकरण हेच आहे. अँजेलाचा नवरा राज्याचा सिनेटर, त्याचे ऑस्करशी संबंध. ऑस्करचं समलिंगी असणं तिसऱ्या सीझनमध्ये उघड झालं तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत अँजेला पुढे होती. आता तिला कळतं तेव्हा ती ड्वाइटच्या मदतीने ऑस्करचे गुडघे फोडायला माणूस ठरवते. मग जाहीर पत्रकार परिषदेत नवरा सत्य सांगतो आणि तिचं सगळं जातं: नवरा, घर, प्रतिष्ठा. आसरा कोण देतो? ऑस्कर. त्याच्यासमोर ती कोसळते आणि कबूल करते की तिचं प्रेम अजूनही ड्वाइटवर आहे.

इतक्या ताठ बाईला वाकवायला लेखकांनी पूर्ण सीझन घेतला आणि प्रत्येक पायरी दाखवली. विनोदही सुटला नाही.

१४. रॉबर्ट कॅलिफोर्निया आणि नेली यांना लोक एवढ्या शिव्या का घालतात?

दोघांना एका तागडीत घालू नका. रॉबर्ट (जेम्स स्पेडर) मध्ये विकास नाहीच, तो एक गूढ आवाज आहे, आला आणि एका सीझनने गेला. जाताना पूर्व युरोपातल्या जिम्नॅस्ट मुलींच्या शिक्षणाच्या नावाखाली कंपनी परत विकत घेणाऱ्या डेव्हिड वॉलेसकडून दहा लाख डॉलरही घेऊन गेला. मला तो आवडतो, पण त्याच्यामुळे ऑफिसमधलं कुणी बदललं नाही.

नेलीचं (कॅथरीन टेट) उलट. दुसऱ्याच्या खुर्चीत न विचारता बसून ‘मीच मॅनेजर’ म्हणणं हा प्रसंग एवढा अविश्वसनीय आहे की त्यानंतर तिने काही केलं तरी प्रेक्षक ऐकायला तयार नव्हते. नवव्यात मूल दत्तक घेऊ पाहणारी एकटी बाई म्हणून ती बरीच माणसात आलेली आहे.

१५. रायन स्वतःचं बाळ टाकून पळतो, हे अति नव्हतं का?

अति होतं. शेवटच्या भागात तो ड्वाइटच्या लग्नाला बाळ घेऊन येतो, जुनी प्रेयसी केलीला पाहतो, बाळाला मुद्दाम अ‍ॅलर्जी होणारी वस्तू देऊन तिच्या डॉक्टर जोडीदाराला कामाला लावतो आणि केलीबरोबर पळतो. बाळ नेलीकडे जातं, तिची इच्छा पूर्ण. कागदावर जोडणी सुबक आहे. रायन पहिल्यापासून स्वार्थी होताच, त्यामुळे ‘पात्राशी विसंगत’ म्हणता येत नाही. तरी हसू येत नाही. सुसंगत असूनही चुकीचं, असं हे उदाहरण.

१६. एरिनला न्याय मिळाला का?

मिळाला, थोडा उशिरा. आधी तिचं भोळेपण फक्त विनोदासाठी वापरलं. शेवटच्या भागातल्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात प्रेक्षकांतून उठून एक बाई आणि एक गृहस्थ तिच्याशी बोलतात, ते तिचे जन्मदाते निघतात. ओढूनताणून आणलेलं आहे, पण अनाथपण हा तिचा एकमेव जुना धागा होता आणि तो पकडला, यासाठी गुण द्यायला हवेत. पीट आणि क्लार्क यांना ‘नवा जिम’ आणि ‘नवा ड्वाइट’ म्हणून आणलं, ही थट्टा मालिकेतच होते. त्यापलीकडे दोघांना स्वतःचं फारसं काही मिळालं नाही.

१७. शेवटच्या भागात मायकल दोनच वाक्यं बोलतो. अन्याय नाही का?

मला तो नेमका वाटतो. त्याचा प्रवास सातव्यात संपला होता. त्याला जास्त बोलू दिलं असतं तर बाकी सगळे पुन्हा त्याच्याकडे बघणारे झाले असते.

१८. आठवा सीझन वगळला तर चालेल? कुठले भाग तरी पाहावेत?

पूर्ण वगळू नका, नाहीतर प्रश्न ५ आणि ११ मधलं निम्मं निसटेल. ‘द इन्सेंटिव्ह’ अँडीसाठी. फ्लोरिडाचे भाग सलग, ‘लास्ट डे इन फ्लोरिडा’पर्यंत, जिम-ड्वाइटसाठी. ‘गेट द गर्ल’ आणि ‘अँग्री अँडी’ पाठोपाठ. वेळ कमी असेल तर बाकी सोडा.

१९. ‘द पेपर’ मध्ये जुन्या पात्रांचं पुढचं कळतं का?

फार नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पीकॉकवर आलेली ही मालिका ओहायोतल्या टोलेडो शहरातल्या एका वृत्तपत्रावर आहे, चित्रीकरण करणारं पथक तेच. जुन्यांपैकी नियमित दिसतो तो ऑस्कर, अजून हिशेबच बघतोय आणि पुन्हा तोच कॅमेरा समोर आल्यावर वैतागलेला. नऊ सीझन त्याने जे भोगलं त्यानंतर ही प्रतिक्रिया अगदी रास्त आहे.